आवरणाचा हिशेब

तारेच्या अँटेनाचे गणित दीर्घकाळ उघड्या तारेचेच राहिले. पॉकलिंग्टन यांनी १८९७ मध्ये बारीक तारेतील प्रवाहाचे संकल समीकरण मांडले. पुढे तारेचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकातील प्रवाह संगणकाने काढण्याच्या पद्धतीला हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने सुव्यवस्थित रूप दिले, आणि तिच्यावरच अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क व पोगिओ यांनी रचलेली ‘एनईसी-२’ ही १९८१ ची आज्ञावली उभी राहिली. तीत माहितीच्या प्रत्येक ओळीला ‘कार्ड’ म्हणत, कारण ती मुळात छिद्रित पत्रांवरून यंत्राला दिली जाई. परंतु तारेवरील प्लास्टिकसाठी तीत एकही कार्ड नव्हते.

ही उणीव क्षुल्लक नव्हती. प्लास्टिकच्या पातळ आवरणानेही तारेवरील लहरीचा वेग काही टक्के घटतो आणि अँटेना अपेक्षेपेक्षा कमी कंप्रतेला अनुस्पंदित होतो. सात मेगाहर्ट्झच्या सुमारे वीस मीटर लांब द्विध्रुवाच्या, म्हणजे दोन भुजांच्या अँटेनाच्या, बाबतीत तीन टक्के म्हणजे साठ सेंटिमीटर तार कापावी लागते.

वास्तविक उत्तर आधीच उपलब्ध होते. ओहायो राज्य विद्यापीठातील रिचमंड व न्यूमन यांनी १९७६ मध्येच आवरणयुक्त तारेचे विश्लेषण प्रसिद्ध केले होते. ‘एनईसी-४’मध्ये १९९२ च्या सुमारास आवरणाची स्वतंत्र सोय झाली, पण ती आज्ञावली परवान्याने बांधलेली असल्याने मुक्त ‘एनईसी-२’ वापरणाऱ्यांना वेगळी वाट शोधावी लागली. ती वाट विलक्षण सुंदर आहे. आवरणामुळे तारेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते, परंतु प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मात्र जसेच्या तसे राहते. म्हणून उघडी तार धारितेच्या मापाने जाड कल्पायची आणि त्या जाडीमुळे घटलेली प्रवर्तकता, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, तिच्या संपूर्ण लांबीवर परत वाटून द्यायची. एक मिलिमीटर त्रिज्येच्या तारेवर दोन मिलिमीटर त्रिज्येपर्यंत पॉलिथिन असेल, आणि त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे निर्वाताच्या तुलनेत धारिता वाढविण्याचे प्रमाण, २.२५ धरला, तर कल्पित त्रिज्या सुमारे १.४७ मिलिमीटर होते आणि दर मीटरला सुमारे ०.०७७ मायक्रोहेन्री प्रवर्तकता द्यावी लागते.

समाक्ष केबलचा, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेल्या केबलचा, प्रश्न याहून गुंतागुंतीचा, कारण तिच्या जाळीच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांवरून स्वतंत्र प्रवाह वाहतात. आतला भाग आज्ञावलीतील आदर्श पारेषण वाहिनी म्हणून आणि जाळीची बाहेरची बाजू साधी तार म्हणून वेगळी मांडली जाते. बाहेरच्या प्लास्टिकचा हिशेब मग या साध्या तारेलाच लावला जातो.