रुक्मिणीचा अपराध

सूडाच्या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य कोणते, असे विचारले असता बहुतेक प्रेक्षक सूडाच्या कारणाकडे बोट दाखवतात: तो बलात्कार, ती हत्या, तो अपमान. श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’विषयी (१९७५) आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. अलीकडे लोह्यास एका मित्राच्या घरी तो पुन्हा पाहण्याचा योग आला आणि आमचे मत बदलले. ते का बदलले हे सांगताना चित्रपटासोबत थोडे इतिहासातही जावे लागेल.

नांदेड जिल्ह्यातील लोहा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ‘निशांत’ची कथा घडते ती त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात, १९४५ साली. भाषा निराळी, राज्य एकच. त्यामुळे पडद्यावरची गढी, पोलीस पाटील, वेठीस धरलेली माणसे यांची ओळख मराठवाड्यातील प्रेक्षकास करून द्यावी लागत नाही. चित्रपट हिंदी असला तरी त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ वर्गात शिकवणारे आपण ‘निशांत’ मात्र सिनेमावाल्यांसाठी सोडून देतो, हे बरे नव्हे.

कथा थोडक्यात अशी. गावावर चार भावांच्या जमीनदार घराण्याची सत्ता आहे. थोरला अण्णा (अमरीश पुरी) धाक सांभाळतो. धाकटा विश्वम (नसीरुद्दीन शाह) भित्रा, भावांच्या मागे ओढला जाणारा. गावात नवा शाळामास्तर (गिरीश कर्नाड) येतो. त्याची पत्नी सुशीला (शबाना आझमी) विश्वमच्या मनात भरते, आणि एका रात्री त्याचे भाऊ तिला घरातून उचलून गढीवर नेतात. मास्तर हाका मारीत राहतो. गाव जागे आहे, पण कोणी पुढे येत नाही.

हे दृश्य भयंकर आहे यात शंका नाही. त्यात रक्त नाही, फारसा आरडाओरडा नाही. भीती आहे ती गावाच्या गप्प राहण्याची. पुढे मास्तर पोलिसांकडे, वकिलाकडे, कलेक्टरकडे, वर्तमानपत्राकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणाहून रिकाम्या हाताने परततो. इकडे गढीत बलात्कारित सुशीला हळूहळू त्या घरात आपली जागा करून घेते; त्याखेरीज तिच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही. मग देवळात नवराबायकोची गाठ पडते. ती त्याला जाब विचारते: तू काय केलेस? या प्रश्नाने मास्तर पेटतो. देवळाच्या पुजाऱ्याला (सत्यदेव दुबे, ज्यांनी चित्रपटाचे संवादही लिहिले) सोबत घेऊन तो गाव उठवतो आणि उत्सवाच्या दिवशी जमाव गढीवर चालून जातो.

इथपर्यंत प्रेक्षक जमावासोबत असतो. दोन तास त्याला याच क्षणासाठी तयार केलेले असते. अण्णा मारला जातो तेव्हा मनात कोठेतरी समाधानाची लहर उठते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावे. पण जमाव तेथे थांबत नाही. विश्वमची पत्नी रुक्मिणी (स्मिता पाटील) हीही मारली जाते. रुक्मिणीने कोणाला पळवून आणलेले नाही. आपल्याच घरात आपल्या डोळ्यांदेखत दुसरी स्त्री ओढून आणली जाते, हा अपमान तिने गिळलेला आहे. गढीतील दुसरी कैदीण म्हणावी अशी ती. तिचा अपराध एवढाच की ती त्या घरातील आहे.

आणि सुशीला? विश्वम तिला घेऊन डोंगराकडे पळतो. जमाव पाठलाग करतो, आणि जिच्यासाठी हे सारे आरंभले तीही त्यातून वाचत नाही. ज्याने जमाव उठवला त्या मास्तराच्या हातात आता तो जमाव नाही. चित्रपटाचे नाव ‘निशांत’, म्हणजे रात्रीचा शेवट. आणि उजाडल्यावर दिसते ते हे.

आमच्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी दृश्ये हीच. सुशीलेला पळवतात तेव्हा आपण सुरक्षित असतो, कारण अपराधी समोर आहे आणि आपण त्याच्या विरुद्ध आहोत. रुक्मिणी मरते तेव्हा तो आधार जातो. मारणारे हात आपल्या बाजूचे आहेत.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७५ रोजी, ‘शोले’ प्रदर्शित झाला. तोही सूडाचाच चित्रपट. ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो असा मूळ शेवट चित्रित झाला होता; आणीबाणीच्या त्या काळात सेन्सॉरच्या आग्रहावरून तो बदलून गब्बरला पोलिसांच्या हवाली करण्यात आले. पण दोन्ही शेवटांत सूड नेमका योग्य माणसापर्यंत पोहोचतो. ‘शोले’च्या हिशेबात चूक होत नाही, म्हणून प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. तेंडुलकर आणि बेनेगल आपल्याला तसे जाऊ देत नाहीत.

आता लोह्याकडे परत येऊ. ‘निशांत’ हा १९४८ वरचा चित्रपट नाही. त्यातील जमीनदार व जमाव यांच्यात धर्माचा प्रश्नही नाही. तरीही त्या खोलीत बसून शेवट पाहताना आम्हांस १९४८ आठवले. कासिम रझवी लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनी मराठवाड्यातील गावांवर केलेले अत्याचार खरे आहेत, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. अनंत भालेरावांचे ‘पेटलेले दिवस’ आपण वाचलेले असते. १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस ॲक्शन १७ सप्टेंबरला संपली आणि संस्थान भारतात आले. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, व तो करावाच.

परंतु १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत काय घडले? त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात फिरली. तिच्या अहवालाने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानभर मारल्या गेलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले. तेथील आकडा १८ हजारांहून कमी नाही, असे अहवाल म्हणतो. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. आकड्यांविषयी मतभेद आहेत. तत्कालीन सरकारने अहवाल प्रसिद्धही केला नाही. तथापि घटना घडलीच नाही असे म्हणणे कठीण आहे. त्यांतले रझाकार किती आणि केवळ ‘त्या घरातले’ किती?

राग न्याय्य होता, जसा मास्तराचा न्याय्य होता. पण राग करणाऱ्यावरून त्याच्या घरावर, घरावरून त्याच्या नातलगांवर, आणि तेथून त्याच्यासारखे नाव असलेल्या कोणावरही सरकतो. याच अहवालात दुसरीही नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही दिले. ‘निशांत’मध्ये असे कोणी रुक्मिणीच्या दारात उभे राहत नाही. इतिहासात राहिले होते, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. कारण ते सांगायचे तर आधी जमावाविषयी सांगावे लागते.

आमच्या वाचनातील बहुतेक आठवणी गढीचा दरवाजा फुटतो तेथे संपतात. तेंडुलकरांची पटकथा दरवाजाच्या आत जाते. साहित्याच्या वर्गात ‘निशांत’ दाखवावा असे आम्हांस वाटते ते एवढ्यासाठी. चित्रपट संपल्यावर सुशीलेबद्दल विद्यार्थी आपणहून बोलतील. रुक्मिणीबद्दल मात्र शिक्षकालाच विचारावे लागेल.