स्टेरॉईडयुक्त मलमांचा वापर सल्ल्यानेच करावा

गजकर्ण, खाज किंवा चेहऱ्यावरील डाग यांवर औषधांच्या दुकानातून परस्पर मलम आणून लावण्याची सवय देशभर आढळते. यांपैकी अनेक मलमांत बुरशीनाशक औषधासोबत क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉईड मिसळलेले असते.

स्टेरॉईडमुळे दाह व खाज त्वरित कमी होते. मात्र त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावल्याने बुरशीची वाढ सुरूच राहते. मलम थांबवताच गजकर्ण अधिक पसरते आणि त्याचे नेहमीचे गोलाकार स्वरूप बदलल्याने निदानही कठीण होते. गोरेपणासाठी अशी मलमे चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होणे, लाली, मुरुमे व अनावश्यक केस येणे असे दुष्परिणाम संभवतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉईड औषधांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी नियमांत दुरुस्ती केली. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली हीच औषधे उपयुक्त ठरतात.

मलम घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटकांची नावे वाचावीत, असा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात. गजकर्ण झाल्यास जांघा व काखा कोरड्या ठेवाव्यात, सैल सुती कपडे वापरावेत आणि टॉवेल स्वतंत्र ठेवावा. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हावेत. खाज थांबली तरी सांगितलेला उपचार पूर्ण करावा. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावलेले स्टेरॉईड अचानक बंद केल्यास आग व लाली वाढू शकते. त्यामुळे ते थांबवतानाही वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.