तारखेचं छायाचित्र

कुरणातल्या फुलाचं छायाचित्र पुरावा कधी बनतं? त्यामागे तारीख आणि ठिकाण लिहिलेलं असेल तर.

अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावी कोणतं रानफूल कधी उमललं, हे हेन्री डेव्हिड थोरो १८५२ ते १८५८ या काळात टिपून ठेवत. १८८८ ते १९०२ मध्ये आल्फ्रेड हॉस्मर या दुकानदारांनी तेच काम केलं. रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी २००४ ते २००६ मध्ये तिथेच पुन्हा नोंदी घेतल्या. तापमानवाढीमुळे ४३ नेहमीच्या जाती सरासरी ७ दिवस लवकर फुलत होत्या.

जवळच्या लॉवेलमधल्या दफनभूमीची दोन छायाचित्रंही त्यांना उपयोगी पडली. ३० मे १८६८ ला झाडं निष्पर्ण, ३० मे २००५ ला पानांनी भरलेली! अर्थात एखादं वर्ष जास्त थंड असू शकतं. म्हणून अनेक वर्षांच्या तारखा लागतात.

फूल लवकर उमललं आणि मधमाशी तेव्हा बाहेरच पडली नाही, तर परागण अडतं, माशीही उपाशी राहते. म्हणून फुलावरचा कीटकही टिपायला हवा.

माझ्याकडे विद्यार्थिदशेतली रानफुलांची पाकीटभर छायाचित्रं आहेत. एकावरही तारीख नाही. त्यांवरून आज काहीच मोजता येत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना मात्र पहिल्याच दिवशी तारीख लिहायला सांगा.