करणी समीकरण

ज्या समीकरणात अज्ञात राशी मूळचिन्हाखाली असते ते करणी समीकरण. चल राशी मूळचिन्हाखाली असलेले फलन ते करणी फलन. करणी हा शब्द यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतला. वेदीसाठी दोरीने चौरस आखताना ज्या बाजूवर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस होतो तिला द्विकरणी म्हणत. मूळ चौरसाची बाजू 1 मानली तर तिचे मान √2. भास्कराचार्य करणी दाखवायला ‘क’ अक्षर वापरीत. √ हे चिन्ह क्रिस्टोफ रुडॉल्फ याच्या 1525 मधील जर्मन ग्रंथात आढळते.

य = √क्ष हे सर्वांत साधे करणी फलन. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसल्याने क्ष शून्य किंवा धनच घ्यावा लागतो. 9 ची वर्गमूळे 3 आणि −3 ही दोन असली, तरी √9 म्हणजे फक्त 3. हा संकेत नीट मनात ठसला नाही, तर पुढचे सारे गोंधळते. आलेख म्हणजे आडव्या अन्वस्ताचा वरचा अर्धा भाग: य 1 ने वाढायला क्ष आधी 0 वरून 1 वर, मग 1 वरून 4 वर, मग 4 वरून 9 वर जावा लागतो. लंबकाचा आवर्तकाल असाच लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सुमारे 1 मीटरच्या लंबकाला एका आंदोलनास 2 सेकंद लागतात. 4 सेकंद हवे असतील तर दोरी चौपट करावी लागते.

समीकरण सोडवताना मूळचिन्ह असलेले पद एका बाजूला एकटे ठेवून दोन्ही बाजूंचा वर्ग करतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (1150) भुंग्यांचे उदाहरण पाहावे. थव्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे 8/9 भुंगेही गेले, उरली एक जोडी. तर थवा किती? मांडणी √(क्ष/2) = क्ष/9 − 2 अशी होते. वर्ग करून 2क्ष² − 153क्ष + 648 = 0 मिळते आणि त्याच्या उकली 72 व 4.5 येतात. साडेचार भुंगे नसतात म्हणून दुसरी उकल सोडायची, हे कारण अपुरे आहे. 4.5 घातल्यास डावी बाजू 1.5 आणि उजवी −1.5 होते; समीकरणच खोटे ठरते. 1.5 आणि −1.5 यांचा वर्ग एकच असल्याने वर्ग करताना चिन्हातला फरक पुसला जातो आणि मूळ समीकरणात नसलेली उकल आत येते. तिला आगंतुक उकल म्हणतात. म्हणून उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणे हा सोडवण्याचाच भाग आहे, वेळ उरला तर करायची पडताळणी नव्हे. घन करताना हा धोका नाही, कारण भिन्न वास्तव संख्यांचे घन भिन्नच असतात.

‘बीजगणित’ ग्रंथात भास्कराचार्यांनी असा प्रसंग उलट बाजूने हाताळला आहे. कळपाच्या पंचमांशातून 3 वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. उत्तरे 50 आणि 5 येतात. 5 चा पंचमांश 1, त्यातून 3 वजा केल्यावर −2 उरतात. वर्ग केल्यावर 4 मिळून हिशेब जुळतो खरा, पण माकडांची संख्या ऋण मानावी लागते. ही उकल सयुक्तिक नाही म्हणून त्यांनी ती घेतली नाही. हेच √(क्ष − 1) = क्ष/5 − 3 असे मांडले, तर 5 ही आगंतुक उकल ठरते.