माशांची टाकी आणि बिअरचा कारखाना

पाणचक्कीत आलेला पाहुणा आधी उंचावरून पडणारी पाण्याची धार पाहतो आणि मग लांबट हौदाच्या काठावर रेंगाळतो. हौदात मासे आहेत. त्यांना खायला टाकणाऱ्यांची छत्रपती संभाजीनगरात कधी वाण पडली नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी पाण्याच्या जोरावर पीठ दळता यावे म्हणून ही चक्की उभी राहिली. तिच्यासाठी उत्तरेकडच्या टेकड्यांतून नहर आणली गेली ती १७४४ च्या सुमारास. हौद त्यानंतर वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने बांधला. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या थंडगार दालनाचे छत.

मासे पाळणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा हौद सदैव धोक्याच्या काठावर असतो. उरलेले खाणे आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो आणि तो थोडासाही साचला तरी मासे गुदमरू लागतात. नहर भरभरून वाहत असली की एका टोकाने आलेले पाणी दुसऱ्या टोकाने निघून जाते. पाणी तपासण्याचा प्रश्नच येत नाही. उन्हाळ्यात धार रोडावते, तेव्हा तो येतो.

या शहराचे पाणी मुळात वाहतेच होते. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गावाला राजधानी केले आणि जमिनीखालून नहर-ए-अंबरी खेळवली. खापरी नळ, दगडी बांधकाम, ठिकठिकाणी हवा मोकळी करणारे आणि पाणी उंचावर चढवणारे मनोरे अशी ती रचना होती. पुढे फतेहनगर, औरंगाबाद अशी नावे बदलत गेली आणि मोगल-निजामांच्या काळात आणखी नहरी जोडल्या गेल्या. पाण्याची पारख मात्र पिढ्यान्‌पिढ्या जीभ, चूल आणि डोळा यांच्यावरच होती. तूरडाळ शिजते का, फेस येतो का, तोंडात मचूळ लागते का, एवढ्यावर विहीर चांगली की वाईट ते ठरे. गढूळ पाणी निवळण्याचे उपाय सुश्रुतसंहितेत दिले आहेत. निवळीचे बी, शेवाळाचे मूळ, कमळाचा कंद, कापडाची गाळणी अशी ती यादी आहे. नजरेला दिसणाऱ्या दोषावर ते उपाय चांगलेच होते. पण अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला चव नाही.

ही अदृश्य द्रव्ये रंगात पकडण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. आज शहरातल्या एखाद्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जे टेस्ट किट मिळते, त्यात त्या युक्तीचेच वंशज बाटल्यांत भरलेले असतात. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, ठरलेले थेंब टाकायचे, हलवायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि रंगपट्टीशी रंग जुळवायचा. पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. किट बरोबर आहे की नाही, हा वाद मासे पाळणाऱ्यांत कधी संपत नाही. त्या वादात एक गोष्ट सहसा निघत नाही, ती म्हणजे या बाटल्या मुळात कोणाच्या पाण्यासाठी जन्मल्या.

उत्तर काहीसे गमतीचे आहे. त्यांतल्या बऱ्याचशा बिअरच्या घराण्यातल्या आहेत.

नायट्राइट असले की पाणी गुलाबी होते, ती क्रिया १८७९ मध्ये पीटर ग्रीस याने प्रसिद्ध केली. हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या बर्टन गावी ऑलसॉप यांच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. रंगीत काचांशी द्रवाचा रंग ताडून पाहण्याचे यंत्र आणणारा जोसेफ लव्हिबाँडही बिअरवालाच. बिअरचा रंग दरवेळी सारखा आहे का, हे त्याला पाहायचे होते आणि १८८५ मध्ये त्याने त्यासाठी कंपनीच काढली. १९०९ मध्ये आम्लता मोजण्याची पीएच ही फूटपट्टी मांडली ती सोरेन सोरेनसेन याने, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या मालकानेच १८७५ मध्ये स्थापली होती.

त्याच कार्ल्सबर्गचा एक कारखाना आज छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि तो एकटा नाही. बिअरच्या कारखान्यांसाठी हे शहर देशभर ओळखले जाते. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला, तेव्हा बिअर आणि पाणी यांचे नाते शहराला वेगळ्याच अंगाने कळले. पीएचची पट्टी ज्या घराण्यातून निघाली त्याच घराण्याचे धुराडे इथे दिसावे, हा योगायोगच. पण कारखान्यातला माणूस आणि घरातला मासेवाला यांच्यात फरक आहे. कारखान्याचे पाणी आधी हवे तसे करून घेतलेले असते. मासेवाल्याच्या नळीत नळाचे, बोअरचे किंवा टँकरचे, जे असेल ते पाणी पडते.

आणि इथे दख्खनचा खडक आडवा येतो. बेसाल्टच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. बोअरचे पाणी जड असते ते यामुळे. साध्या किटमधली पीएचची बाटली बहुधा ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याची. अमेरिकेच्या कृषी खात्यात दुग्धविभागात काम करणाऱ्या क्लार्क आणि लब्ज या दोघांनी १९१६-१७ च्या सुमारास ज्या दर्शकांची मालिका रूढ केली, त्यातलेच हे. म्हणजे इथे बिअर संपून दूध सुरू होते. हे द्रव्य सहाला पिवळे असते आणि ७.६ ला निळे. त्यापुढे पाणी आठचे असो वा साडेआठचे, नळी निळीच. मराठवाड्यातल्या पुष्कळ बोअरचे पाणी साडेसाताच्या वरचे असते. पट्टी जिथे संपते तिथेच आपले पाणी सुरू होते. नवा मासेवाला पट्टीवरचा शेवटचा रंग वाचतो, वहीत ७.६ लिहितो आणि निर्धास्त होतो. त्या किटने खोटे सांगितलेले नसते; त्याची झेप तेवढीच असते. उच्च पीएचची दुसरी बाटली, साधारण ७.४ ते ८.८ ची, या शहरात पहिली घ्यायला हवी.

हा आकडा नुसता वहीपुरता नसतो. किट दाखवते तो एकूण अमोनिया. त्यातला जो मुक्त असतो तोच माशाला जाळतो, आणि त्याचे प्रमाण पीएचवर ठरते. पंचवीस अंश तापमानाला पीएच सात असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्काही मुक्त नसतो. आठला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि नऊला तिसऱ्या हिश्शाहून अधिक. दोन टाक्यांत अमोनियाची नळी सारखीच हिरवी दिसेल, पण एकीतले मासे पोहत राहतील आणि दुसरीतले पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासतील. दोष हिरव्या रंगाचा नाही. पीएच ७.६ लिहिणाऱ्याचा आहे.

अमोनियाच्या चाचणीलाही आपल्या पाण्याने त्रास दिला आहे. जर्मनीत युलियुस नेसलर याने १८५६ मध्ये पाऱ्याच्या संयुगाचे जे द्रावण तयार केले, त्याने अमोनिया पिवळा-तपकिरी दिसतो. जड पाण्यात मात्र हे द्रावण गढूळ होऊ शकते आणि तो गढूळपणा डोळ्याला रंगासारखा भासतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी रोशेल सॉल्ट घालतात. पारा विषारी, शिवाय टाकून देणेही कठीण. त्यामुळे आजच्या घरगुती किटमध्ये बहुतेक ठिकाणी पिवळ्याकडून हिरव्याकडे जाणारी सॅलिसिलेटची चाचणी आली आहे. तिचीही खोड आहे. शून्य आणि पाव मिलिग्रॅम यांतला फरक ट्यूबलाइटखाली ओळखणे म्हणजे कच्च्या लिंबाची हिरवी छटा अंधारात पारखणे. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर नळी धरली की निम्मे वाद मिटतात.

नायट्रेटच्या चाचणीत वेगळेच घडते. तिची एक बाटली जोरात हलवावी लागते, कारण तिच्यातली भुकटी तळाशी बसते. सूचनापत्रिकेवर तीस सेकंद हलवा म्हणून छापलेले असते आणि ते वाचायला फारशी घाई कोणाला नसते. न हलवलेल्या बाटलीतून आकडा कमी येतो, आणि कमी आकडा कोणालाही आवडतो. दुसरा गोंधळ एककांचा. काही किटे नायट्रेट सांगतात, काही नायट्रेटमधला नायट्रोजन. दोहोंत जवळपास साडेचारपट अंतर आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तीही नायट्रेट म्हणून मोजलेली. शेतीतल्या युरियाने आणि शोषखड्ड्यांनी विहिरींत नायट्रेट उतरते तेव्हा या दोन आकड्यांची गल्लत महागात पडते.

मग वेळेचा प्रश्न. जमिनीखालून ताज्या उपसलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बादलीत काही तास ठेवले की तो निघून जातो आणि पीएच वर सरकतो. म्हणजे मोटार बंद होताच केलेली चाचणी आणि दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी दोन वेगळे आकडे देतात, आणि दोन्ही खरे असतात. उघड्या तळ्यात तर हे रोज घडते. शेवाळाने हिरवे झालेले पाणी रात्री श्वास घेते, दिवसा अन्न बनवते. पहाटे ऑक्सिजन तळाला गेलेला आणि पीएच उतरलेला असतो. दुपारी दोन्ही चढलेले. दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर, म्हणजे जुना खिजरी तलाव, सांडपाण्याने आणि जलपर्णीने वर्षानुवर्षे बेजार आहे. अशा तळ्यातले मासे पहाटे मरतात आणि पाण्याचा नमुना दहा वाजता घेतला जातो.

ऑक्सिजनची चाचणी करणाऱ्याला ही अडचण पहिल्यापासून ठाऊक होती. हंगेरीच्या लायोश विंकलर याने १८८८ मध्ये दिलेल्या पद्धतीत काठावरच बाटलीत रसायने घालून ऑक्सिजन जागच्या जागी बांधून ठेवावा लागतो. उरलेले मोजमाप प्रयोगशाळेत सावकाश करता येते. महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयांत तळ्यांवर काम करणारे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आजही हेच करतात.

शहरात मासे पाळणाऱ्याची खरी कसरत वेगळीच आहे. जायकवाडीचे पाणी पैठणहून येते, पण नळाला येण्यामध्ये कित्येक वर्षे आठवडाभराचे, कधी त्याहूनही मोठे अंतर पडत आले आहे. म्हणून घरोघरी हौद, ड्रम, टाक्या. साठवलेल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खाते गप्पी मासे सोडते. गप्पीला जड पाणी मानवते. मऊ पाण्याची सवय असलेल्या डिस्कस किंवा निऑन टेट्राला ते मानवत नाही. आणि मधल्या काळात टँकर येतो तो टीसीएल पावडर घातलेले पाणी घेऊन. ग्रामपंचायतीपासून शहरापर्यंत पाण्याची ‘ओटी टेस्ट’ करणारे कर्मचारी नळीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतात, कारण नळाच्या टोकाशी निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. तोच पिवळा रंग माशांच्या कल्ल्यांना वाईट. माणसाला दिलासा देणारी चाचणी मासेवाल्याला अँटी-क्लोरीनची बाटली उघडायला सांगते.

जल जीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावोगाव पाच-पाच महिलांना अशाच रंगबदलाच्या किटवर पाणी तपासायला शिकवले जाते आणि शंका आली की नमुना प्रयोगशाळेकडे जातो. या प्रयोगशाळा आता सामान्य नागरिकांसाठीही खुल्या आहेत. पण पिण्याच्या पाण्याच्या मूलभूत तपासण्यांच्या यादीत पीएच, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट हे सगळे असते आणि अमोनिया नसतो. माशांसाठी जी गोष्ट पहिली, ती तिथे बसत नाही.

त्यामुळे अमोनियाचा हिशेब घरीच लावावा लागतो, आणि त्याला दोन साधे तपास पुरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर नळीत घ्यावे. त्यातही हिरवट छटा आली तर बाटली जुनी झाली आहे किंवा नळी नीट धुतलेली नाही. मग टाकीचे पाणी आणि हे पाणी निम्मे-निम्मे मिसळून पुन्हा पाहावे. टाकीच्या पाण्याने दोन दाखवले असेल आणि मिश्रणाने एक, तर किटवर विसंबायला हरकत नाही. दोन्ही वेळा तोच गडद रंग आला तर पट्टी संपली आहे आणि खरा आकडा तिच्या पलीकडे आहे. अशा वेळी चौपट पातळ करून मोजावे आणि आलेल्या आकड्याला चारने गुणावे. एक तृतीयांश पाणी मात्र त्याआधीच बदलून टाकावे.