टोंगा बेटांतील सेवाव्रती

पॅसिफिक महासागरात फिजीच्या आग्नेय दिशेस टोंगा नावाचा एक द्वीपसमूह आहे. लहानमोठी मिळून बेटे सुमारे १७०. पण वस्ती त्यांतील थोड्यांवरच. कॅप्टन कुक १८ व्या शतकात येथे आला आणि तेथील आदरातिथ्याने संतुष्ट होऊन त्याने या बेटांस ‘स्नेहशील बेटे’ असे नाव दिले. या बेटांत परोपकारबुद्धीने गेलेल्या मिशनऱ्यांचा दिनक्रम कसा होता, आणि त्यांच्या सेवेतील काय टिकले व काय नासले, हे पाहण्याचा आज विचार आहे.

लंडन मिशनरी सोसायटीच्या ‘डफ’ जहाजाने १७९७ च्या एप्रिलमध्ये दहा मिशनरी टोंगाटापू बेटावर उतरविले. त्यांतील बहुतेक कारागीर होते. सुधारलेली हत्यारे दाखविली की लोकांची मनेही आपोआप सुधारतील, अशी त्यांच्या चालकांची समजूत होती. पण लोकांना हवे होते लोखंड, उपदेश नव्हे. शिवाय भाषा येत नव्हती. १७९९ मध्ये सरदारांत यादवी माजली, तीत तिघांचा बळी गेला, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक १८०० मध्ये बेट सोडून गेले. एक तर धर्मकार्य टाकून टोंगी लोकांतच मिसळला होता.

पुढे १८२६ मध्ये वेस्लियन पंथाचा जॉन थॉमस सपत्नीक हिहिफो येथे आला. हाही मूळचा लोहारच. तेथील सरदार आता याने त्याला राहू दिले. परंतु आपल्या लोकांना मात्र त्याच्याकडे जाण्याची मनाई केली. निराश होऊन परतण्याची भाषा थॉमस करू लागला होता. इतक्यात १८२७ मध्ये नथॅनिएल टर्नर व विल्यम क्रॉस हे दोघे येऊन मिळाले, आणि १८२८ मध्ये नुकुअलोफा येथे शाळा सुरू झाली.

येथून त्यांच्या आयुष्याला खरी दिशा लागली. कोनफळे, अळवाचे कंद, नीरफणस व नारळ हे तेथील अन्न; झाडाची साल कुटून केलेले तापा हे वस्त्र. अशा मुलुखात भाषेतील एकेक शब्द कानाने टिपून घ्यावा, तो रोमन लिपीत बसवावा, मोठ्या माणसांना अक्षरे गिरवावयास लावावीत, आजाऱ्यांना आपल्या पेटीतील औषध द्यावे, हा क्रम चाले. त्यांच्या पत्नी स्त्रियांना वाचन व शिवण शिकवीत. १८३१ मध्ये विल्यम वून याने छापखाना चालू केला. हे जीवन निर्धोक मात्र नव्हते. १८३२ मध्ये व्हावाऊकडे जाताना होडी फुटून क्रॉसची पत्नी समुद्रात बुडाली.

विशेष हे की, हाआपाई बेटांत पहिला शिक्षक म्हणून गेला तो इंग्रज नव्हता. तो पीटा व्ही नावाचा टोंगी होता. विद्या हातांतून हातांत गेली. तेथील पराक्रमी सरदार तौफाआहाउ याने १८३१ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि कालांतराने तोच सर्व टोंगाचा राजा झाला. त्याने १८६२ च्या कायद्याने सामान्य रयतेची सरदारांच्या वेठीतून सुटका केली, आणि १८७५ मध्ये राज्यघटना दिली.

पण याच कहाणीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. शर्ली बेकर हा १८६० मध्ये आलेला मिशनरी. राजाचा सल्लागार म्हणून त्याचे वजन वाढत गेले. चर्चच्या वर्गणीसाठी गावागावांत चढाओढ लागे, आणि त्या भरात लोक जर्मन पेढीकडून खोबऱ्याच्या तारणावर रोकड उचलीत. १८८० मध्ये बेकर पंतप्रधान झाला. १८८५ मध्ये राजाचे वेगळे स्वतंत्र चर्च निघाले. जुन्या पंथात राहणाऱ्यांना फटके बसले, कित्येकांना फिजीत हद्दपार व्हावे लागले. शेवटी १८९० मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बेकरला बेटांतून घालविले.

त्याच काळी जेम्स मोल्टन हा दुसरा मिशनरी छळ सोसणाऱ्यांच्या बाजूस उभा होता. त्याने १८६६ मध्ये तुपोऊ विद्यालय स्थापिले, बायबलचे टोंगी भाषांतर सिद्ध केले, आणि गाणे लिहिण्यासाठी अंकांची एक सोपी पद्धती बसविली. आपण सारेगम लिहितो, तसे टोंगी लोक अंक लिहून गातात, ते आजतागायत. त्याचे विद्यालयही चालू आहे. चर्चमधील फूट मात्र राणी सालोते हिने १९२४ मध्ये बुजविण्याचा यत्न केला, तरी ती पुरती बुजली नाही.

दोघेही एकाच संस्थेचे, एकाच धर्माचे, जवळजवळ एकाच वेळचे. एकाने सत्ता हाती घेतली, दुसऱ्याने पाटी. ज्याच्या हाती औषधाची पेटी असावी त्याच्या हाती दंडुका आला, म्हणजे उपकाराचेही ओझे होते. सेवा करणाराने ज्यांची सेवा करावयाची त्यांचा आधी विद्यार्थी व्हावे लागते. टोंगात जे टिकले, ते अशा विद्यार्थ्यांच्याच हातचे आहे.