गोधडी : जुन्या वस्त्रांची जोडणी

जुन्या कापडाचे थर एकत्र शिवून तयार केलेल्या अंथरूण-पांघरुणास महाराष्ट्रात गोधडी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही नाव आहे, तर काशीसह उत्तर भारतात कथरी किंवा गुदडी हे शब्द रूढ आहेत. तुकडे जोडून वस्त्र सिद्ध करण्याची ही रीत प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकड्यांचेच असते. मगधातील शेतांचे बांध पाहून आनंदाने त्याची आखणी केल्याचे विनयपिटकात सांगितले आहे.

पाश्चात्त्य पद्धतीच्या रजईत तुकड्यांचा वरचा पदर आधी पूर्ण जोडतात आणि नंतर तो कापूस व अस्तरासह शिवतात. गोधडीत ही दोन्ही कामे बहुधा एकत्रच होतात. धुऊन वाळवलेले नऊवारी लुगडे जमिनीवर ताणून पसरतात. त्यावर जुनी धोतरे, फाटके कपडे यांचे थर येतात. वर ठिगळे मांडून कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी घालीत जातात. त्याच टाक्याने ठिगळही बसते आणि थरही बांधले जातात. थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे ऊब टिकते.

तुकडे निवडताना अनुभव लागतो. विरलेल्या कापडाशेजारी जाड नवे कापड जोडल्यास धुताना जुने फाटते. तिरपा कापलेला तुकडा ताणला जाऊन चुण्या पडतात, म्हणून धागा उभा-आडवा पाहूनच कापावे लागते. कच्च्या रंगाचे कापड आधी धुतले नाही, तर सारी गोधडी डागाळते.

कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातील सिद्दी स्त्रियाही कडेपासून आत शिवत जातात. चारही कोपऱ्यांवर त्या त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावतात. त्यांच्याविना पांघरूण उघडे राहिले, असे मानतात.

खरी अडचण कच्च्या मालाची आहे. नऊवारी सुती लुगडे रोजच्या वापरातून जवळजवळ गेले. कृत्रिम धाग्याच्या साड्या निसरड्या असतात. थर सरकतात, घामही शोषला जात नाही. त्यामुळे विक्रीसाठीच्या गोधड्यांकरिता अनेकदा नवे सुती कापड आणून त्याचेच तुकडे करतात. मूळ काटकसरीचा हेतू त्यात उरत नाही, हे खरे. मात्र घरी विनामोल होणाऱ्या या कामाला त्यातून मजुरी मिळू लागली आहे. बाळाच्या दुपट्यासाठी मात्र अजूनही आजीचे मऊ लुगडेच शोधले जाते.